घड्याळ हिरवं, अंगात त्राण नाही

पत्राचा गोषवारा: सोलापूरच्या एका छत्तीस वर्षांच्या वाचक भगिनींचं हे पत्र आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात त्या हिशेब बघतात. घरी नवरा, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. तीन वर्षांपूर्वी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस. हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असल्याचं निदान झालं. औषध चालू आहे, पायातली ताकद बरीच परत आली आहे, चालताना बघून कुणाला काही कळतही नाही. उरला आहे तो थकवा. सासूबाई म्हणतात, ‘दिसायला तर धडधाकट हाय की.’ पुण्याच्या धाकट्या दिरांनी हौसेने मनगटी घड्याळ आणून दिलं, अ‍ॅप टाकलं, त्यातले आकडे नवऱ्याच्या फोनवरही दिसतील अशी सोय केली. आता नवरा रोज सकाळी आकडा वाचून दाखवतो: ‘साडेसात तास झोपलीयस, मग दमतेस कशाने?’ थकव्यावरचा एक इंग्रजी ऑनलाइन कोर्सही दिरांनी शोधलाय, वर्षाची वर्गणी सहा हजार. भगिनींचे प्रश्न दोन: घड्याळ काढून ठेवलं तर दिरांना वाईट वाटेल, ठेवलं तर रोज खोटं पडायला होतं, काय करू? आणि हा कोर्स घेऊ का, की ही सगळी मोबाईलची थेरं आहेत?

ताई,

पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानाचा फोटो आणि अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवलात हे फार बरं केलंत. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. बुधवारी पहाटे नळाला पाणी आलं होतं. वहीत त्या दिवशी तुम्ही लिहिलंय: ‘चारला उठले, साडेसहापर्यंत पाणी. ऑफिसात अकरालाच डोळे मिटायला लागले. तीनला एकच व्हाउचर दोनदा चढवलं. घरी येऊन पडले, भाकरी आईंनी केल्या.’ गुरुवारी एकच शब्द आहे, ‘रजा’. आता अ‍ॅप बघा. बुधवारी नऊ हजारांवर पावलं, उद्दिष्ट पूर्ण, सगळं हिरवं आणि वर अभिनंदनाचा संदेश. गुरुवारी लाल.

ज्या दिवसाने तुम्हाला आडवं केलं त्याच दिवसाबद्दल यंत्राने पाठ थोपटली. ज्या दिवशी तुम्ही विश्रांती घेऊन शहाणपणा केलात, त्या दिवशी डोळे वटारले. तुमचं यात काही चुकलेलं नाही. खरं तर घड्याळाचंही नाही. ते पावलं मोजण्यासाठी केलेलं आहे आणि पावलं मोजतंय. झोपेचे तास ते हाताच्या हालचालीवरून आणि नाडीवरून अंदाजाने काढतं. काही घड्याळं ‘शरीरातली ऊर्जा’ म्हणून एक आकडा दाखवतात, तोही असाच नाडीवरून बांधलेला अंदाज. एम.एस.चा थकवा तर पुरेशी झोप झालेली असतानाही येतो. त्यामुळे ‘साडेसात तास झोप’ आणि ‘सकाळीच गळून गेले’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

मग थकवा मोजतात तरी कसा? विचारून. डॉक्टर आणि संशोधक जगभर प्रश्नावल्या वापरतात. त्यातली एक नेहमीची २१ प्रश्नांची आहे. गेल्या चार आठवड्यांत थकव्यामुळे शरीराची, डोक्याची आणि चारचौघांत मिसळण्याची कामं किती अडली, हे ती विचारते. रक्ताच्या रिपोर्टात किंवा एमआरआयच्या फिल्मवर ‘थकवा इतका इतका’ असं कुठे छापून येत नाही. रुग्ण सांगतो तेच मोजमाप.

हे सांगते आहे त्याला कारण आहे. तुमच्या पत्राचा निम्मा भाग थकव्याबद्दल नाहीच. तो थकवा घरच्यांना कसा पटवायचा याबद्दल आहे. घड्याळ तुम्ही कुरकुर न करता बांधलंत ते साक्षीदार मिळेल या आशेने, आणि साक्षीदार उलटला. पण साक्षीदार हवाच कशाला? तुम्ही हिशेबातल्या आहात. एक वही धंदा चालवायला असते आणि एक दाखवायला. दाखवायला लिहिलेल्या वहीचं पुढे काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. थकव्याची नोंद दुसऱ्यासाठी ठेवायला लागलं की माणूस एक तर वाढवून लिहितो, नाही तर लपवतो. दोन्हीकडून ती नोंद आपल्या स्वतःच्या उपयोगाची राहत नाही.

म्हणून पहिलं काम: अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन नवऱ्याच्या फोनवर जाणारे आकडे बंद करा. गुपचूप नको, सांगून करा. ‘तुम्हाला माझं कळावं असं मला वाटतं, पण ते घड्याळाकडून नको, मला विचारा’ एवढं एक वाक्य पुरे. पुढचे दोन परिच्छेद त्यांनाच वाचायला द्या.

साहेब, मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांमधल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एम.एस.मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर उठते. आवरण खराब झालेल्या ठिकाणी संदेश रेंगाळतो, कधी अडतो, आणि साध्या कामालाही मेंदूला जास्त राबावं लागतं. हे बाहेरून दिसत नाही. एम.एस. असलेल्या तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना हा थकवा येतो, आणि अनेकांच्या बाबतीत नोकरी सुटते ती पायांच्या आधी थकव्यामुळे. त्यातून तुम्ही सोलापुरात राहता. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी खराब झालेल्या तंतूंमधून संदेश आणखी मंदावतात. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं होतं, म्हणून या त्रासाला उथॉफचंच नाव आहे. अंग थंड झालं की त्रास ओसरतो, नवीन इजा झालेली नसते. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या शेडशेजारच्या ऑफिसात बसून आलेल्या बाईला ‘दमलीस कशाने’ असं विचारण्यात अर्थ नाही.

तिला विचारायचंच असेल तर सकाळी एवढंच विचारा: ‘आज थकवा किती आहे, दहापैकी?’ ती जो आकडा सांगेल तो मान्य करा. त्यावर चर्चा नको, तुलना नको, घड्याळाकडे बघणं नको.

आता ताई, तुमचा दुसरा प्रश्न. मोबाईलची थेरं आहेत का? सरसकट नाहीत. पण फरक लक्षात घ्या, कारण दुकानात दोन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. मोजणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. एम.एस.च्या थकव्यासाठी ज्या कार्यक्रमांची नीट चाचणी झाली, त्यांचा गाभा शिकवण्याचा आहे. इंग्लंडमध्ये ‘फॅसेट्स’ नावाचा सहा सत्रांचा गटवर्ग आहे. ताकद कशी वाटून वापरायची आणि थकव्याबद्दलचे विचार कसे तपासायचे, हे तिथे शिकवतात. २०१३ साली त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि थकव्याची तीव्रता कमी झाल्याचं दिसलं. जर्मनीत ‘एलेविडा’ नावाचा पूर्णपणे ऑनलाइन कार्यक्रम आहे. तो प्रश्न विचारतो, उत्तरानुसार पुढे नेतो, जणू कुणी समोर बसून बोलतंय. २७५ जणांवर त्याची चाचणी झाली. बारा आठवड्यांनंतर तो वापरणाऱ्यांचा थकवा नुसती वाट बघणाऱ्यांपेक्षा कमी झाला होता. तिथले डॉक्टर तो आता औषधासारखा चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात. अमेरिकेतली एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फोनवरून दिलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारं समुपदेशन, आणि मोडाफिनिल ही जागं ठेवणारी गोळी यांची तुलना केली होती. दोन्हींनी सारखाच फरक पडला. साधा फोन, बरं का, अ‍ॅपही नाही. (गोळीबद्दल फार आशा धरू नका. २०२१ च्या दुसऱ्या एका चाचणीत मोडाफिनिल, अमँटाडिन आणि मेथिलफेनिडेट या तिन्ही गोळ्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिसायच्या गोळीपेक्षा, सरस ठरल्या नव्हत्या. घ्यायची की नाही हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवा.)

यातल्या कुठल्याच कार्यक्रमात दहा हजार पावलांचं उद्दिष्ट नाही. लाल-हिरवं नाही. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं याची माळ नाही.

दिरांनी शोधलेला कोर्स मी पाहिलेला नाही, पण घ्यायचा की नाही हे तुम्हालाच ताडता येईल. तो कुणी बनवला हे लिहिलंय का, त्यात न्यूरॉलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा मानसशास्त्रज्ञ आहेत का? तो एम.एस.च्या थकव्यासाठी आहे की साध्या ‘एनर्जी वाढवा’ छापाचा? अडलं तर माणसाशी बोलता येतं का? एका बैठकीत किती वेळ लागतो? पंधरा मिनिटांत थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येत नसेल तर तो थकलेल्या माणसासाठी बनवलेला नाही, मग जाहिरातीत काहीही असो. आणि इंग्रजी. ऑफिसात तुमचं इंग्रजीवाचून अडत नाही हे मला माहीत आहे. पण संध्याकाळी सातला, डोकं सुन्न झालेलं असताना, इंग्रजी व्हिडिओ ऐकणं हेच एक काम होऊन बसेल. ‘बरा करतो’, ‘औषध सोडवतो’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तिथून सरळ उठा. माझं मत विचाराल तर आधी महिनाभर बिनपैशाचं जे जमतं ते करा. त्यातलं काय अडतंय हे कळल्यावर त्या अडलेल्या गोष्टीसाठी पैसे टाका.

बिनपैशाचं म्हणजे काय, तर तुमच्याच फोनमधलं. फक्त दोन आठवडे नोंद ठेवा, पुढच्या फेरतपासणीच्या आधीचे दोन आठवडे निवडा. दिवसातून तीनदा गजर लावा: उठल्यावर, जेवणानंतर, संध्याकाळी. प्रत्येक वेळी थकव्याचा शून्य ते दहा आकडा आणि एक ओळ. टाइप करायचा कंटाळा आला तर फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं, किंवा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवा. दोन आठवडे झाले की बंद. कायम नोंदी ठेवू नका. आपण किती दमलोय याकडे दिवसभर कान लावून बसलं की थकवा आणखी मोठा वाटायला लागतो.

या नोंदीत बघायचं काय? तुमच्या त्या एका पानावरच अर्धं उत्तर आहे: पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, तेही अवेळी, हे बाहेरगावच्या कुठल्या अ‍ॅपला कधी कळणार नाही. पण तुमच्या आठवड्याचा सांगाडा त्यावरच उभा आहे. नवऱ्याशी बोलताना ‘मला थकवा येतो’ इथून सुरुवात करू नका, ‘पाण्याच्या दिवशी मोटर, पाइप आणि वरची टाकी तुमच्याकडे’ इथून करा. पिंपं घासणं, घागरी भरणं सासूबाईंना झेपणार नाही हे मान्य, पण घरात एक धडधाकट पुरुष आहे. ते पहाटे चारला उठले तर तुम्ही सहापर्यंत झोपाल आणि बहुतेक गुरुवारची रजा वाचेल. चौथीतला मुलगा बाटल्या आणि माठ भरू शकतो, त्याला ते आवडेलही.

दुसरा सांगाडा जीएसटीचा. ११ तारखेचं जीएसटीआर-१, २० तारखेचं ३-बी, ही दर महिन्याची दोन रिटर्न. या तारखा वर्षभर ठरलेल्या आहेत, म्हणजे तुमचे जड दिवसही आधीच ठरलेले आहेत. फोनच्या कॅलेंडरात त्या दोन तारखांच्या आधीचे तीन दिवस रंगवून टाका. त्यात बाहेरगाव नको, दवाखान्याची वारी नको, पाहुण्यांना ‘या ना’ म्हणणं नको. डोक्याचं काम सकाळी, साडेअकराच्या आत. दुपारी फायली लावणं, फोन करणं. आणि मधली विश्रांती थकायच्या आधी घ्यायची, थकल्यावर नाही. या सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, कारण बरं वाटत असताना थांबायला मन तयार होत नाही. बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, हा तुमच्या वहीतला नमुना जगभरच्या एम.एस. रुग्णांचा आहे. गजर लावा, दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं. डोळे मिटून, खुर्चीतच, फोन न बघता. फोन बघणं ही विश्रांती नव्हे.

उन्हाळ्यासाठी तर तुमच्या कारखान्यातच औषध आहे. ओला, पिळलेला टॉवेल मानेवर ठेवा, गार पाणी थोडं थोडं पीत राहा, ऑफिसला निघायच्या आधी गार पाण्याने अंघोळ करा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर चांगला चालतो. मालकांना खुर्ची कूलरसमोर हलवायला सांगा. आणि रिटर्न भरायचं काम ऑनलाइनच आहे, तर महिन्यातले ते दोन-तीन दिवस घरून करू का असंही विचारा. उपकार मागताय असं समजू नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देणं ही कल्पना त्याच कायद्यातली. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. बहुतेक सवलतींना दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त लागतं. मालकांना आजार सांगायचा की नाही हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा, तिथली हवा तुम्हालाच माहीत.

पावलांचं म्हणाल तर चालणं सोडू नका. नियमित हलका व्यायाम या थकव्याला मदतच करतो. फक्त उद्दिष्ट तुमच्या वाईट दिवसावरून ठरवा, चांगल्या दिवसावरून नाही. लाल दिवशीही जेवढं चालता येतं तिथून सुरुवात, आणि वाढ अगदी हळू. संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

डॉक्टरांकडे एक यादी घेऊन जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कधी तपासलंय? रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं? पायाच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल तर तिनेही गुंगी येते. स्वतःहून बंद करू नका, वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते विचारा. आणि मन उदास आहे का, आधी आवडणाऱ्या गोष्टींत आता रस वाटतो का, हेही न लाजता सांगा. एम.एस.मध्ये नैराश्य वारंवार आढळतं, थकव्यात ते सहज लपतं आणि त्यावर उपचार आहेत. या प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे, म्हणून सगळं ‘एम.एस.मुळेच’ या खात्यावर टाकू नका.

पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस धरून डॉक्टरांकडे पुण्याला जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे, असं तुम्ही लिहिलंय. दर वेळी जायलाच हवं का, हे डॉक्टरांना विचारा. देशात २०२० पासून टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मधल्या फेरतपासण्या व्हिडिओवर होऊ शकतात. मात्र डोळ्याला अंधूक दिसणं, नव्याने बधिरपणा, तोल जाणं, एखाद्या अवयवाची ताकद कमी होणं असं काही ताप किंवा संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकलं तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. तिथे नोंदवही, अ‍ॅप, कोर्स कशाचाही संबंध नाही.

आणखी एक. सगळं आपलं आपणच सांभाळायचं, कुणाला त्रास द्यायचा नाही, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. ज्या कार्यक्रमांबद्दल वर लिहिलं त्यात बहुतेक ठिकाणी माणसं आहेत, फोनच्या पलीकडे किंवा गटात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, पुण्यात तिची शाखा आहे. घरबसल्या भेटीगाठी होतात का ते फोन करून विचारा. ‘मलाही अगदी असंच होतं’ हे वाक्य नवऱ्याकडून मिळणार नाही. ते त्याच आजाराच्या माणसाकडूनच मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एम.एस. ग्रुपात जायला हरकत नाही, पण काढे, आहार आणि परदेशी उपचारांच्या फॉरवर्डना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. त्यातही ताकद जाते.

राहिलं घड्याळ. काढून कपाटात ठेवायची गरज नाही, दिरांना वाईट वाटायचंही कारण नाही. पावलांचं उद्दिष्ट, झोपेचे गुण आणि अभिनंदनाचे संदेश बंद करा, पन्नास मिनिटांचा गजर मात्र त्यातच लावा. मनगटावर नुसती थरथर होते, ऑफिसात कुणाला कळतही नाही. दिरांना सांगा, ‘भाऊजी, तुमचं घड्याळ मला वेळेवर थांबवतं.’ आणि त्यांना आणखी मदत करायचीच असेल तर कोर्सच्या सहा हजारांऐवजी टाकीला पाण्याची पातळी बघून आपोआप बंद होणारा मोटरचा स्विच बसवून द्यायला सांगा. कोर्स घेतलाच तर पैसे भरतानाच वर्गणीचं आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवा, नाही तर पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात नसताना खात्यातून पैसे जातील.